उगवतीचा फोटो, मावळतीचा फोटो

आवरली का कामं? का चुलीवर काहीतरी ठेवूनच रेडिओ लावलाय? असू द्या. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत फोटोबद्दल. उगवत्या आणि मावळत्या सूर्याचे फोटो आपल्या साध्या मोबाईलवर चांगले कसे काढायचे, याबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायांना हे कसलं नवीन खूळ? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. सूर्य उगवतो तेव्हा आपण गोठ्यात असतो आणि मावळतो तेव्हा डेअरीच्या रांगेत. त्याच्याकडे बघायला सवड कुणाला आहे? पण आमच्या गटाला ही गोष्ट शिकावी लागली. का, ते आधी सांगतो.

आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याच्या काठावर, भिगवणच्या बाजूला. थंडीत इथं रोहित पक्षी येतात, ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात. ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे पहाटे गाड्या घेऊन येतात आणि होडीत बसून पाण्यावर जातात. परत आली की त्यांना भूक लागलेली असते. आमच्या गटानं त्यांच्यासाठी चहा-पोहे सुरू केले, मग पिठलं-भाकरी आणि चिलापीचं कालवण. धंदा बरा चालला म्हणून आम्ही एक फ्लेक्स करून घेतला. फ्लेक्सवाल्यानं वर मोठा थोरला उगवता सूर्य टाकून दिला. आम्हाला फार आवडला. पंधरा दिवसांनी एक पाहुण्या बाई फ्लेक्ससमोर उभ्या राहून हसायला लागल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडं नारळाची झाडं आणि समुद्राच्या लाटा कुठं आहेत हो?" आम्ही बघितलं तर खरंच! फ्लेक्सवाल्यानं कुठल्या तरी किनाऱ्याचा फोटो नेटवरून उचलला होता. दारात एवढं पाणी, रोज त्यातून सूर्य वर येतो, आणि आम्ही दुसऱ्याच्या गावचा सूर्य टांगून बसलो होतो.

त्याच आठवड्यात ठरवलं की आपला फोटो आपणच काढायचा. दुसऱ्या दिवशी गटाचा मोबाईल घेऊन आम्ही तिघी काठावर गेलो. 46 फोटो काढले, पण एकही धड आला नाही. सूर्य म्हणजे पांढरा डाग, खाली सगळं काळं, आणि पाणी एका बाजूला सांडतंय की काय इतकं तिरपं. तिथून आम्ही शिकायला सुरुवात केली. काही पाहुण्यांनी सांगितलं, काही गटातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं दाखवलं, बाकीचं चुकत चुकत कळलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतोय.

पहिली गोष्ट अगदी साधी. मोबाईलच्या मागची काच पुसा. आपल्या हाताला पीठ असतं, तेल असतं. ते काचेला लागलं की सूर्याभोवती धुकट रेघा उमटतात. पदराच्या मऊ सुती भागानं काच पुसायची आणि मगच फोटो काढायचा. आमचे निम्मे फोटो एवढ्यानंच सुधारले.

दुसरी गोष्ट वेळेची. सूर्य उगवल्यावर घरातून निघालात तर उशीर झालाच म्हणून समजा. खरे रंग सूर्य वर यायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं सुरू होतात. संध्याकाळीही तसंच. सूर्य बुडाला की लोक मोबाईल खिशात टाकून चालू लागतात आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आभाळ खरं रंगतं. सकाळी लवकर जायचं, संध्याकाळी जरा उशिरानं निघायचं. अख्खं बिंब वर यायला मात्र फक्त दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मोबाईलमधली बटणं शोधत बसलात तर संपलं. म्हणून तयारी आधी करून ठेवायची.

वेळ वर्षभर सारखी नसते हे आपल्याला माहीतच आहे. आमच्या भागात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आसपास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. जागाही बदलते. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास तो बरोबर पूर्वेला उगवतो. उन्हाळ्यात डावीकडं, म्हणजे उत्तरेकडं सरकतो, थंडीत उजवीकडं. हात समोर ताठ करून मूठ धरली, तर जूनच्या टोकापासून डिसेंबरच्या टोकापर्यंत साधारण पाच मुठींचं अंतर पडतं. थंडीत ज्या बाभळीमागून सूर्य वर येतो, त्या बाभळीमागून तो मे महिन्यात येणार नाही. म्हणून आदल्या दिवशी बघून ठेवायचं की आज तो कुठून आला. उद्याही जवळपास तिथूनच येईल.

संध्याकाळी सूर्य बुडायला किती वेळ आहे, हे घड्याळाशिवाय कळतं. हात लांब करा, चार बोटं आडवी धरा आणि सूर्य व जमीन यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते मोजा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. चार बोटं बसली तर तासभर आहे, गुरांना वैरण टाकून यायला वेळ मिळतो. हे करताना सूर्याकडं टक लावून बघायचं मात्र नाही. डोळ्याला इजा होते आणि त्या वेळी दुखत नाही म्हणून कळतही नाही. फोटो काढतानाही मोबाईलच्या पडद्यावर बघा, थेट सूर्याकडं नको. पोरांनाही हे सांगून ठेवा.

आता पांढऱ्या डागाचं काय करायचं ते. मोबाईलला आपण काही सांगितलं नाही, तर तो खालची काळी जमीन बघतो आणि त्याला वाटतं इथं अंधार आहे. मग तो सगळंच उजळ करतो आणि आभाळाचे रंग धुऊन जातात. म्हणून पडद्यावर सूर्याच्या शेजारच्या उजळ आभाळावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाईलमध्ये तिथं एक छोटं सूर्याचं चिन्ह किंवा एक रेघ दिसते. ती खाली सरकवली की फोटो गडद होतो आणि केशरी, तांबडा रंग परत येतो. बोट जरा वेळ दाबून ठेवलं तर अनेक मोबाईलमध्ये ते तिथंच पक्कं होतं, म्हणजे मोबाईल हलवला तरी बदलत नाही. एवढी एकच गोष्ट आजच्या बोलण्यातून लक्षात ठेवलीत तरी चालेल. बोट आभाळावर, रेघ खाली.

तिरपं पाणी सरळ करायचं असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा. पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा येतात, पाटीवर आपण चौकटी आखतो तशा. पाण्याची किंवा जमिनीची कड आडव्या रेघेला धरून ठेवायची. आणि ती कड फोटोच्या बरोबर मधोमध नको. आभाळ सुंदर असेल तर आभाळाला दोन वाटे आणि जमिनीला एक. पाण्यात रंग उतरले असतील तर पाण्याला दोन वाटे. सूर्यही मधोमध ठेवण्यापेक्षा उभ्या रेघेवर एका बाजूला ठेवून बघा.

झूम करायचा मोह होतो, कारण डोळ्याला मोठा दिसणारा सूर्य फोटोत टिकलीएवढा येतो. पण साध्या मोबाईलचा झूम म्हणजे नुसतं ताणणं. कणीक फार पातळ लाटली की फाटते, तसा फोटो फाटतो. त्यापेक्षा सूर्य लहान राहू द्या आणि त्याच्यासोबत काहीतरी आपलं घ्या. होडी, वाळत टाकलेलं जाळं, बाभळीची फांदी, उसाची गाडी, हंडा घेऊन चाललेली बाई. नुसता सूर्य जगात सगळीकडं सारखाच दिसतो. आपलं गाव कळतं ते त्याच्यापुढं काय उभं आहे त्यावरून. आमच्या फ्लेक्सवर आज उगवता सूर्य आहे आणि त्याच्यापुढं आमच्याच गावची होडी आहे. आता कुणी नारळ कुठंय असं विचारत नाही.

रंग कुठून येतात, हे आमच्या पोरींनी आम्हाला विचारलं होतं. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा उजेडाला हवेतून कमी अंतर यावं लागतं. तो जमिनीला टेकला की तोच उजेड हवेच्या फार लांब थरातून येतो. त्या वाटेत निळा रंग इकडंतिकडं विखरून जातो आणि तांबडा-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून अगदी मोकळ्या आभाळापेक्षा उंचावर पातळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग असतील तेव्हा फोटो जास्त चांगला येतो, कारण तो तांबडा रंग उतरायला काहीतरी लागतं. पाऊस उघडला की भाद्रपद-आश्विनात अशा संध्याकाळी भरपूर मिळतात. हवा धुतलेली असते आणि ढगही असतात. खाली क्षितिजाला काळा ढग दाटलेला असेल, तर मात्र त्या दिवशी भाकरी थापत बसलेलं बरं.

आमच्या काठावरून सूर्य पाण्यावर उगवतो आणि उसाच्या फडामागं मावळतो. पलीकडं करमाळ्याच्या बाजूच्या काठावरच्या बायांना मावळता सूर्य पाण्यात दिसतो. तुमच्याकडं डोंगर असेल, तळं असेल, माळ असेल. ज्याच्या दारात जे आहे ते चांगलं. पाणी असेल तर वारा सुटायच्या आधी जा. पहाटे पाणी आरशासारखं असतं. मोबाईल पाण्याच्या जवळ, खाली धरला तर प्रतिबिंब जास्त मिळतं. उजेड कमी असताना हात हलला की फोटो पुसट येतो. तेव्हा मोबाईल दगडाला किंवा पालथ्या घमेल्याला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही बसत नाही.

आणि बायांनो, पहाटेच्या अंधारात एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा. बॅटरी घ्या, पायात चप्पल नाही तर बूट घाला, विंचू-काट्याची वेळ असते. धरणाचं पाणी ओसरलं की वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो, माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. होडीत बसलात तर जॅकेट घातल्याशिवाय नको. आणि फोटोसाठी मागं मागं सरकायचं नाही. विहिरीची कड, बंधाऱ्याची भिंत, रेल्वेचे रूळ, इथं फोटो नकोच.

आता आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत, तिच्यासाठीच खरं तर आजचं बोलणं ठेवलं होतं.

आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई होत्या. आम्ही सगळ्याच त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या लग्न होऊन आल्या ते जुन्या गावात, जे आता पाण्याखाली आहे. धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधीच गाव उठून वर आलं होतं. आत्याबाई काठावर कधी यायच्या नाहीत. आम्ही पाहुण्यांना पाण्याचं कौतुक सांगायचो तेव्हा त्या उठून आत जायच्या. पण एका वर्षी मे महिन्यात पाणी फार खाली गेलं, जुन्या घरांची जोती उघडी पडली, आणि एके दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, "पहाटं मला घेऊन चला."

ऊन चढायच्या आत आम्ही चौघी त्यांना घेऊन गेलो. जोत्यांच्या रांगांमधून त्या चालत होत्या, जशा रोजच्याच बोळातून चालल्यात. एका ठिकाणी थांबल्या. एक हात कमरेवर ठेवला, दुसरा पुढं केला आणि सांगायला लागल्या. हा उंबरा. इथं जातं. तिकडं गोठा, चार म्हशी होत्या. मागं पाण्यावर सूर्य वर येत होता. आमच्यातल्या एकीनं मोबाईल काढला, बोट आभाळावर टेकवलं, रेघ खाली ओढली. आभाळ केशरी आणि आत्याबाई पूर्ण काळ्या, नुसता आकार. कमरेवरचा हात, पुढं केलेला हात, डोक्यावरून वाऱ्यानं उडालेला पदर. तोवर काढलेल्यांत तो आमचा सगळ्यात चांगला फोटो होता. गटाच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी वाहवा केली.

पुढच्या दिवाळीच्या आधी आत्याबाई गेल्या. घरच्यांनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. त्यांचा दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, ज्यात माणूस स्वतःला ओळखत नाही. तेव्हा आम्हाला दोन गोष्टी कळल्या आणि दोन्ही उशिरा कळल्या.

पहिली ही, की मूळ फोटो आमच्याकडं नव्हता. मोबाईल भरला म्हणून आम्ही जुने फोटो पुसले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तेवढा राहिला होता. व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करून पाठवतं. मोबाईलवर तो छान दिसतो, पण स्टुडिओत मोठा करायला गेलो तर दाणे दाणे आले. म्हणून सांगतो, चांगला फोटो पुसायच्या आधी तो दुसरीकडं ठेवा. मेमरी कार्डात, कुणाच्या तरी संगणकात, नाही तर लगेच प्रिंट काढून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग तो जसा काढला तसाच पोचतो.

दुसरी गोष्ट ही, की त्या फोटोत आत्याबाईंचा चेहरा नव्हता. आम्हाला सूर्य चांगला आणायचा होता. म्हणून आम्ही त्यांना सूर्यापुढं उभ्या राहू दिलं, काळ्या आकारावर खूश झालो आणि घरी आलो. सकाळचा तोच सोनेरी उजेड त्यांच्या तोंडावर पडला असता तर प्रत्येक सुरकुती दिसली असती. त्यासाठी आम्हाला फक्त एवढंच करायचं होतं, की त्यांच्या पलीकडं दहा पावलं चालत जायचं आणि सूर्याकडं पाठ करून दुसरा फोटो काढायचा. दहा पावलं. त्या पुढं उभ्या होत्या, वेळ होता, मोबाईल हातात होता. आम्हाला सुचलं नाही.

त्यांच्या नातीनं तो दाणे दाणे आलेला फोटोच फ्रेम करून लावलाय. ती म्हणते, "कमरेवर हात ठेवायची ढब आजीचीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही." ते खरंच आहे. पण आम्ही त्या घरात चहाला बसलो की आमची नजर त्या फोटोवर फार वेळ ठरत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आमची शेवटची आणि सगळ्यात मोठी सूचना ही. उगवतीचा फोटो काढून झाला की वळा. सूर्याकडं पाठ करा आणि त्या उजेडात कोण उभं आहे ते बघा. सूर्य वर आल्यानंतरचा पहिला अर्धा तास आणि मावळायच्या आधीचा अर्धा तास, या वेळी उजेड मऊ असतो, डोळे फार मिचकावे लागत नाहीत, काळासावळा चेहरा उजळून निघतो. दुपारच्या उन्हात डोळ्याखाली सावल्या पडतात, त्या इथं पडत नाहीत. माणसाला "हसा, हसा" म्हणू नका. त्याला काहीतरी विचारा, तो सांगायला लागला की फोटो काढा. आणि काढायच्या आधी, पुढं कुठं लावायच्या आधी, त्याला विचारा. दुसऱ्याच्या पोरांचे फोटो तर आई-बापाला विचारल्याशिवाय कुठंच टाकू नका.

धंद्यासाठी फोटो वापरणाऱ्या गटांना आणखी एक सांगणं. खोटा रंग लावू नका. आम्हीही एकदा फिल्टर लावून आभाळ जांभळं केलं होतं. पाहुणे आले, आभाळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत, पण कळलं. आणि थंडीतला पक्ष्यांचा फोटो जूनमध्ये टाकू नका. माणूस लांबून पेट्रोल जाळून येतो, पक्षी गेलेले असतात, मग आपलं कालवण कितीही चांगलं असलं तरी तो परत येत नाही. फोटोखाली महिना लिहा. खरं लिहिलेलं गिऱ्हाईक धरून ठेवतं.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गटातल्या, घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला सकाळी नाही तर संध्याकाळी अंगणात बसवा. दोन फोटो काढा. एक सूर्याच्या बाजूनं बघत, एक सूर्याकडं पाठ करून. पुढच्या मासिक बैठकीला ते बरोबर आणा, एकमेकींना दाखवा, आणि बैठकीनंतर जमतील तेवढे प्रिंट काढायला द्या. आम्ही आमच्या गटात आता दर महिन्याला हे करतो. आतापर्यंत अकरा म्हाताऱ्यांचे फोटो झालेत. अकराच्या अकरांचे चेहरे दिसतात.

चला, तुमचं दूध उतू जायच्या आत आम्ही थांबतो. सूर्य काय, उद्याही येणारच आहे. नमस्कार.